पडद्याकडे पाठ

आमच्या मॅडम दर शुक्रवारी सिनेमाला जायच्या. सिनेमा मात्र त्यांनी क्वचितच पाहिला असेल.

नांदेडला स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर तेव्हा एक जुनी टॉकीज होती. दुपारी बाराच्या मॅटिनीला तिथं जुने सिनेमे लागत. पडद्याच्या डाव्या अंगाला बाहेर पडायचं दार होतं आणि दारापाशी डोअरकीपरचं लोखंडी स्टूल. मॅडम रीतसर तिकीट काढून आत यायच्या, थेट पुढं जाऊन त्या स्टुलावर बसायच्या आणि पडद्याकडे पाठ करायच्या. अडीच-तीन तास त्या आम्हा प्रेक्षकांकडे बघत राहायच्या. पडद्याचा उजेड आमच्या तोंडावर असायचा आणि त्या अंधारात. मांडीवर लांबट वही, हातात पेन्सिल. वहीकडे न बघता लिहायची सवय झाल्यामुळे ओळी एकमेकींवर चढलेल्या असायच्या.

डोअरकीपरला सगळे मामू म्हणत. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, बाई चुकून उलटी बसली.

"मॅडम, पिच्चर उधर है," ते हळूच म्हणाले.

"मालूम है, मामू. मेरा पिच्चर इधर है."

त्यानंतर मामूंनी काही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारपासून ते स्टूल पुसून ठेवायला लागले. प्रेक्षकांत मात्र तर्क चालायचे. बहुतेकांना वाटे, बाई करमणूक कर खात्याची आहे, तपासणीला येते. पुढच्या रांगेतली माणसं त्यांना बघितलं की बिडी चपलेखाली विझवत. हे कळल्यावर मॅडम फार खूष झाल्या होत्या. "बघा," त्या वर्गात म्हणाल्या, "पुरुषानं बाईकडं बघितलं की ती पदर सावरते. बाईनं पुरुषाकडं नुसतं बघितलं तर तो बिडी विझवतो. दोघांनाही वाटतं, आपण काहीतरी चोरलंय."

मी त्यांचा विद्यार्थी. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं किराणा दुकान, घरी रोजची शिवपूजा. लग्न केलं नाही. नांदेडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. लिंगभाव आणि मनोविश्लेषण यांवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांच्याकडे पार्सलनं यायची. त्यांना त्या देवांच्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालायच्या, त्यामुळे त्यांच्या टेबलावर कायम सगळे देव एकावर एक ठेवलेले दिसायचे. एकोणीस वर्षांच्या पोरालाही त्या 'अहो' म्हणायच्या. मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' त्यांनीच म्हटलं. मी मागं वळून पाहिलं होतं, कुणी मोठं माणूस आलंय का ते.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'लिंगभाव' असं विषयाचं नाव लिहिलं तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडम रागावल्या नाहीत. हात बांधून, हसू पूर्ण संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छान. आता घरचा अभ्यास. आत्ता आलेलं हसू कुठून आलं, ते एक पानभर लिहून आणा." वर्गातल्या निम्म्या मुलांनी दुसऱ्या दिवशी दांडी मारली. मीही मारली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई आपल्याला सोडणार नाही.

विद्वत्तेचं ओझं त्यांच्या बोलण्यात नसायचं. मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी टीव्हीवर मालिका लागली की त्या मुलींबरोबर सतरंजीवर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "ही खलनायिका बघा. नायिकेला काय हवंय? काहीच नाही. नवऱ्याचं सुख, सासूचं सुख, दिराचं सुख. सगळ्या घरात स्वतःसाठी काहीतरी हवं असलेली बाई एकच, आणि तिच्याच कपाळावर नागमोडी टिकली. बाईला इच्छा झाली की मेकअपवाला ताबडतोब काळी पेन्सिल काढतो." दुसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या सहा-सात मुली नागमोडी टिकली लावून तासाला बसल्या. मॅडमनी हजेरी घेताना प्रत्येकीला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" एक म्हणाली, नोकरी. एक म्हणाली, मोटारसायकल. एक नुसतीच रडायला लागली. तिचं लग्न ठरलं होतं.

पुस्तकांनाही त्या सोडत नसत. म्हणायच्या, "या व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या सिद्धांतात आई आहे, बाप आहे, मुलगा आहे. झालं कुटुंब! आत्या नाही, वहिनी नाही, चुलता नाही. असं घर देगलूरला कुठंय, दाखवा. मुलगा म्हणे बापाला भितो. आमच्याकडं बापसुद्धा आत्याला भितो. आणि सिनेमातली वहिनी घ्या. ती आई पण नाही, बायको पण नाही, आणि नायक सगळं पिच्चरभर तिच्याच पायाशी बसलाय. याला तुमच्या व्हिएन्नात नाव नाही. नाव आपल्याला ठेवावं लागेल."

एकदा पुण्याच्या एका चर्चासत्राला त्या मला घेऊन गेल्या होत्या. एक नामवंत वक्ते तासभर प्रेक्षकाविषयी बोलले. प्रेक्षकाची नजर, प्रेक्षकाची वासना, प्रेक्षकाचं विखंडित मन. शेवटी मॅडम उभ्या राहिल्या. "हा तुमचा प्रेक्षक कोणत्या गावचा?"

"मॅडम, प्रेक्षक ही एक संकल्पना आहे."

"असं. मग तिकीट कोण काढतं?"

सभागृह हसलं, पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. परतीच्या बसमध्ये त्या शेंगा खात म्हणाल्या, "तो वाईट माणूस नाही हो. त्यानं कुणाला बिडी विझवताना बघितलेलं नाही, एवढंच." मला त्या दिवशी आपण मराठवाड्याचे असल्याचा जो अभिमान वाटला, तो त्याआधी कधी वाटला नव्हता. नवीन विचार बाहेरून पार्सलनं येतो असं आम्ही मानत आलो. आमच्याच टॉकीजमध्ये, लोखंडी स्टुलावर एक बाई तो हातानं घडवत होती.

आता मला माझं सांगावं लागेल. ते टाळून मॅडमविषयी लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा तीच लबाडी करणं.

मी देवणी तालुक्यातल्या एका गावचा. शिक्षण नांदेडला झालं, नोकरी लातूरला लागली, तीही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याची आशा नव्हती. चाळिशी उलटल्यावर मी मॅडमकडे नाव नोंदवलं. विषय त्यांनीच सुचवला होता: लोकप्रिय सिनेमातली थप्पड आणि पुरुष प्रेक्षक. गर्विष्ठ नायिका भर जत्रेत नायकाला बोलते, नायक तिच्या थोबाडीत मारतो, ती क्षणभर थिजते आणि पुढच्या गाण्यात त्याच्या प्रेमात पडलेली असते. असले प्रसंग आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्या थपडेला टॉकीज शिट्ट्यांनी फुटायची. ती शिट्टी कुणासाठी असते, हा माझा प्रश्न. मी नांदेड, लातूर, उमरी, देगलूर असा फिरलो, पन्नाशीकडं झुकलेल्या पुरुषांना भेटलो, त्यांच्या मुलाखती घेतल्या. नावं दिली नाहीत, क्रमांक दिले.

मॅडमच्या निवृत्तीला काही महिने राहिले होते. त्याआधी त्यांची सही झाली नाही तर मार्गदर्शक बदलणार, आणि मी पुन्हा काही वर्षं मागं जाणार. मी घाईनं सगळी प्रकरणं त्यांच्या घरी नेऊन दिली. आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं.

"हा क्रमांक अकरा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत चांगला. बाकीचे म्हणतात, मजा आली, वाजवली. हा म्हणतो, शेजारचे वाजवत होते, आपण एकटे गप्प राहिलो तर ते आपल्याकडं बघतील याची भीती वाटली. कुठं भेटला?"

"देगलूरला. पानटपरीवर."

"पान खातो?"

"हाव, मॅडम. सारखं."

"मग शिट्टी कशी वाजवली? तोंडात पान घेऊन?"

त्या आत गेल्या आणि त्यांनी एक जुनी लांबट वही आणली. चष्मा वर करून, डोळ्यांजवळ धरून वाचली. "तिसरी रांग, डावीकडून चौथा. माझ्या वर्गातला. थप्पड. सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. याने उशिरा वाजवली. आधी दोन्ही बाजूंना पाहिलं. वाजवल्यावर खाली पाहिलं." त्यांनी वही मिटली. "हे पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. माझ्या सगळ्या वह्यांत या चार ओळींपेक्षा मोलाचं काही नाही. पुरुषाची शिट्टी नायिकेसाठी नसते, शेजारच्या पुरुषासाठी असते, हे मला तुमच्यामुळं कळलं. मी वाट बघून राहिले होते, कधीतरी तुम्ही स्वतः लिहाल."

पंचवीस वर्षं. या काळात त्यांनी मला संदर्भ दिले, पुस्तकं दिली, बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले, आणि एकदाही हा विषय काढला नाही.

"क्रमांक अकरा खोडा," त्या म्हणाल्या. "तिथं 'मी' लिहा. तोवर सही नाही."

मग मी त्यांना जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या शुक्रवारच्या आठ दिवस आधी माझी मोठी बहीण, आमची अक्का, सासरहून कायमची परत आली होती. नवऱ्यानं थोबाडीत मारली होती आणि तिचा डावा कान गेला होता. मीच तिला उदगीरहून एस.टी.नं घरी आणलं होतं. सगळा रस्ताभर ती मला विचारत होती, "काय म्हणालास?" आणि आठ दिवसांनी मी मित्रांबरोबर टॉकीजमध्ये बसून थपडेला शिट्टी वाजवली.

मला वाटलं, मॅडम म्हणतील, हेही लिहा. त्या म्हणाल्या, "शिट्टी तुमची आहे, ती लिहा. कान तिचा आहे. तिला विचारल्याशिवाय त्यातला एक शब्द लिहायचा नाही. विचारा."

मी दोनदा गावी गेलो. एकदा अक्का गायीची धार काढत होती, एकदा शेंगा फोडत बसली होती. दोन्ही वेळा मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो, पिकापाण्याचं बोललो आणि परत आलो. कसं विचारणार? 'तुझा कान गेला त्या आठवड्यात मी शिट्टी वाजवली, ते पुस्तकात घालू का?' मी प्रबंधात फक्त शिट्टी लिहिली. क्रमांक अकरा म्हणजे मी, हे कबूल केलं. मॅडमनी सही केली. सही करताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही अर्धं उत्तर लिहिलंय. चालेल, तेवढंच तुमच्या हक्काचं आहे. पण परीक्षक आंधळे नसतात हो."

आमच्याकडं पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा म्हणजे निम्मं लग्न असतं. उमेदवारानं जेवण सांगायचं, सासुरवाडीच्या लोकांनी फेटे-शाली आणायच्या, प्रश्न चालू असताना मागं पोरांना फराळाच्या पुड्या वाटायच्या. माझी बायको सकाळपासून जिलबीवाल्याच्या मागं होती. अक्का गावाकडून नव्या लुगड्यात आली आणि पहिल्या रांगेत अगदी डावीकडच्या खुर्चीवर बसली, उजवा कान सगळ्यांकडं राहावा म्हणून. मी तिला पाहिलं आणि उगाच प्रबंधाची पानं चाळायला लागलो.

पुण्याहून आलेले परीक्षक शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग त्यांनी प्रबंधात घातलेली कागदाची खूण काढली.

"तुम्ही लिहिता, शिट्टी न वाजवण्याची भीती वाटली म्हणून मी वाजवली. हे पटतं. पण पुढं लिहिता, वाजवल्यावर मी खाली पाहिलं. का? भीती तर शिट्टीनं संपायला हवी होती. खाली पाहणं ही लाज आहे. ती कुठून आली?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या परीक्षकांच्या शेजारी बसल्या होत्या. मला वाटलं, मार्गदर्शक म्हणून त्या काहीतरी बोलतील, प्रश्न दुसरीकडं वळवतील. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. खोटं उत्तर तयार होतं: नैतिक संस्कार, शिक्षणाचा परिणाम. दोन वाक्यांत सुटलो असतो, डॉक्टर झालो असतो.

"सर," मी म्हणालो, "उत्तर माझ्याजवळ आहे. पण ते एकट्या माझं नाही. ज्या माणसाचं आहे त्याला मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

मागं पुड्यांचा आवाजसुद्धा थांबला.

"सांग की," अक्का म्हणाली. "मला ऐकू येतंय."

मी तिच्याकडं बघितलं.

"दोन बार घरी येऊन गेलास. चांगल्या कानाकडून बसलास, तोंडातून शब्द न्हाई निघाला. माझंच काहीतरी हाय, येवढं कळत न्हाई व्हय मला? सांग."

मी सांगितलं. एस.टी.चा प्रवास, कान, आठ दिवस, सिनेमाचं नाव, शिट्टी. कसं सांगितलं ते आठवत नाही. बायकोनं डोळ्याला पदर लावलेला आठवतो. संपल्यावर मी अक्काकडं पाहू शकलो नाही. तिच्यासमोर मी पुन्हा खालीच पाहत होतो.

अक्का उठून उभी राहिली. तिला वाटलं असावं, इथं बोलायचं तर उभं राहूनच बोलतात.

"त्यो पिच्चर मीबी बघितलाय," ती परीक्षकांना म्हणाली. "उदगीरला. लगीन होऊन वरीस झालतं. ह्ये खाली बसले, आम्ही जावा-जावा वर बायकांत. त्यानं तिच्या थोबाडीत हाणली तवा समद्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवली."

परीक्षकांनी चष्मा काढला. "का हो, ताई?"

"ती लई बोलत होती ना! आम्ही समद्या घरात गप बसून राहिलोत अन् ही एकलीच बोलून राहिली. राग आलता तिचा. वाटलं, हिलाबी कुणीतरी गप करावं. आमच्यावानी." ती थांबली. "पुढं माझ्या कानाखाली बसली तवा पहिल्यांदा ती बाईच आठवली. म्हणलं, हिच्या टायमाला मी टाळी वाजवली हाय. आता मी कुणाला सांगू?" मग माझ्याकडं वळली. "तू येकटाच हैस व्हय रे? येवढा वाळून चाललास त्यापायी!"

मॅडम उठल्या. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

"इतकी वर्षं मी खाली बसले," त्या म्हणाल्या. "पडद्याचा उजेड बायकांच्या बाल्कनीपर्यंत जात नसे. वरचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून मी धरून चालले की जे घडतंय ते खालीच घडतंय. मी जिना चढायला हवा होता. एकदाही चढले नाही. यांच्या प्रबंधात ही जी उणीव आहे ती यांची नाही, माझी आहे. तशी नोंद करा."

आपल्याच विद्यार्थ्याच्या परीक्षेत, भरल्या सभागृहात, निवृत्तीच्या तोंडावर, आयुष्यभराच्या कामातलं छिद्र स्वतःच्या बोटानं दाखवणारा मार्गदर्शक मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या मनावरचं ओझं त्या दिवशी उतरलं, असं मी म्हणणार नाही. ते आहे. पण ते मी ताठ मानेनं वाहतो, कारण ते कसं वाहायचं हे मला दोन बायकांनी एकाच दुपारी दाखवलं.

मॅडम व्यासपीठावरून खाली आल्या, वळसा घालून अक्काच्या उजव्या हाताला बसल्या आणि तिच्याकडं झुकून काहीतरी विचारायला लागल्या. अक्कानं आधी मान हलवली, मग हात हलवले, मग हसली. परीक्षक उभे राहून निकाल जाहीर करत होते. माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं, टाळ्या झाल्या, बायकोनं नारळ पुढं केला, कुणीतरी माझ्या डोक्यावर फेटा चढवला. मी फेट्याखालून पहिल्या रांगेकडं पाहिलं. त्या दोघींपैकी एकीचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं. मॅडम म्हणत होत्या, "सावकाश सांगा, अक्का. घाई नाही. टाळी वाजवताना जावेनं तुमच्याकडं बघितलं का तुम्ही जावेकडं?"